मामा दरवर्षी टीव्हीवर नाचायचे

माझे सासरे वारल्यानंतरही दरवर्षी एप्रिलात टीव्हीवर नाचायचे.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांना मी जिवंत पाहिलंच नाही. मी दौंड तालुक्यातल्या वरवंडहून लग्न होऊन कवठे येमाईला आले, त्याच्या आधीच ते गेले होते. भिंतीवरच्या फोटोत ते टोपी घालून असे ताठ बसलेत की फोटोवाल्यानं दम भरला असावा. पण जयंतीच्या संध्याकाळी शिरूरच्या केबल चॅनलवर बातम्या लागल्या की तेच मामा हातात लेझीम घेऊन दोन पावलं पुढं, एक मागं, आणि मध्येच मानेला असा झटका द्यायचे की आता टोपी उडते. खाली पट्टी फिरायची, 'कवठे येमाई येथे जयंतीचा यंदाचा उत्साह.' यंदाचा! माणूस जाऊन वर्षं लोटली आणि यांचा उत्साह यंदाचा.

प्रकार असा होता. आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला. चॅनल सुरू झालं त्या वर्षी त्यांचा माणूस कॅमेरा घेऊन आमच्या जयंतीला आला आणि मिरवणुकीचं अर्धा मिनिट शूटिंग करून गेला. त्याच हिवाळ्यात मामा वारले. चॅनलवाला काही परत आला नाही. कशाला येईल? झेंडे निळे ते निळेच, लेझीम तीच, आणि माणसं काय, त्याच्या लेखी सगळी सारखी. तोच तुकडा दरवर्षी लावायचा आणि मोकळं व्हायचं. गावच्या यात्रेला मात्र मुक्काम ठोकून. पालखी लाइव्ह, कुस्त्या लाइव्ह. एका वर्षी तर रेवडीवाल्याची मुलाखत इतका वेळ चालली की त्या वेळात माझ्या सगळ्या भाकरी थापून झाल्या. रेवडीशी माझं वैर नाही, मी खाते. पण आमच्या वस्तीत रक्तदान होतं, पोरी घसा फोडून भाषणं करतात, पहाटे सगळे पांढऱ्या कपड्यात वंदनेला बसतात. त्यातलं एक अक्षर कधी दिसलं नाही. दिसायचे ते फक्त मामा.

मी रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. कपडे धुवायच्या मशीनची झाकणं माझ्यापुढून जातात. ओरखडा दिसला की लाल स्टिकर, रिजेक्ट. दिवसभर हेच केल्यावर माणसाला सवय लागते. घरी आलं तरी मी मनातल्या मनात स्टिकर चिकटवत असते, नवऱ्यालासुद्धा. आणि रागात आले की माझी वरवंडची भाषा बाहेर पडते, मग समोरच्याचं काही खरं नाही.

"आमच्या दौंडात असलं चालत न्हाई," मी एका जयंतीला म्हणाले. "तिथले चॅनलवाले दरवर्षी येत्यात. नवं शूटिंग करत्यात."

"व्हय बाई," आत्या म्हणाल्या. टीव्हीवरची नजर काही त्यांनी हलवली नाही. "तुमच्या दौंडात भीमेचं पाणीबी वरच्या अंगाला वाहतंय."

आत्यांचा आणि माझा हा रोजचा कार्यक्रम. मी दौंडचं कौतुक करायचं आणि त्यांनी टोमणा मारायचा. टोमणा आला नाही तर त्यांना ताप आलाय असं समजून मी कपाळाला हात लावून बघते. पुढं त्या म्हणाल्या, "चाललंय ते चालू दे. अर्ध्या मिन्टानं तुझं काय जातंय?" मला वाटलं, जुनं माणूस, भांडण नको म्हणून बोलतंय. दर जयंतीला त्या न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून टीव्हीपुढं बसायच्या, तेही मला जयंतीचं म्हणूनच वाटायचं.

पुढच्या जयंतीच्या आधी मी सुट्टी टाकून शिरूरला गेले. चॅनलचं ऑफिस म्हणजे मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. मालक, कॅमेरामन, बातम्या वाचणारा, लग्नाचं शूटिंग करणारा, सगळं एकच माणूस. स्वभावानं गरीब. त्यानं मला खुर्ची दिली.

"दादा, एक बातमी हाय," मी म्हणाले.

"बोला ना ताई."

"आमच्या वस्तीत एक मेलेला माणूस दरवर्षी नाचतोय."

त्यानं लगेच पेन काढलं. "कोणी पाहिला?"

"अख्ख्या तालुक्यानं. तुमच्याच चॅनलवर."

त्याचं पेन तिथंच थांबलं. मग मी त्याला तो तुकडा कॉम्प्युटरवर लावायला लावला आणि एकेक डिफेक्ट दाखवत गेले. हे चिंचेचं झाड पडलं. हा रस्ता आता सिमेंटचा आहे. ही कौलं जाऊन स्लॅब पडला. हे कडेवरचं पोरगं आता स्वतःच बाप झालंय. आणि हे टोपीवाले माझे सासरे, यांच्या पुण्यानुमोदनाला जेवायला कोण कोण होतं तेही सांगते.

बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. "ताई, कुठं तक्रार केलीय का?"

"अजून न्हाई."

"करू नका. आत्ता काढतो." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तो तुकडा कॉम्प्युटरमधून पुसून टाकला. मग म्हणाला, "यंदा मी स्वतः येतो. यात्रेसारखं लाइव्ह करू. तुमचा कार्यक्रम तुम्ही ठरवा, तुम्ही म्हणाल तसं दाखवतो."

मी उड्या मारायचीच बाकी राहिले होते. एसटीत शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सगळी हकीकत सांगितली. घरी शिरले तेव्हा आत्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. आमचे हे बाजूला बसून चहा पीत होते. मी उभ्याउभ्याच सगळं रंगवून सांगितलं. हे म्हणाले, "वाघीण हाय!" आत्यांनी एवढंच विचारलं, "काढलाच का?"

"काढला! पुसून टाकला. आता त्याच्या बापाला सापडायचा न्हाई."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. मेथीची पानं त्या कचऱ्यात टाकत होत्या आणि काड्या पाटीत ठेवत होत्या.

मी मुद्दाम म्हणाले, "आमच्या दौंडात असंच झालं असतं." टोमणा आला नाही. कपाळाला हात लावला, तर ताप नव्हता.

रात्रीच्या भाकरी करताना मी सरळच विचारलं, "आत्या, माझं काय चुकलं का?"

त्या चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यास्नी नाचताना मी कुठं बघितलं हुतं? मिरवणूक निघायची तवा मी समाजमंदिरामागं, भाताच्या पातेल्यापाशी. दरसाल. ढोल ऐकू यायचा, माणूस दिसायचा न्हाई. घरी आल्यावर पाय दुखत्यात म्हनायचे, तेवढ्यावरनं कळायचं का नाचलेत. ते हुते तवा आपल्याकडं टीव्ही न्हवता. ते गेले, पोरानं टीव्ही आणला, आन् एप्रिलात लावला तर हे आपले नाचत्यात. तवा मी पैल्यांदा बघितलं." डोळे पुसले, धुराचं निमित्त केलं. "लई ग्वाड नाचायचे गं. मला कुणी सांगितलंच न्हवतं."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"तू खोटं न्हाई बोललीस," त्या म्हणाल्या. "चॅनलवाला चुकतच हुता. पर माझ्यापुरता चुकू द्यायचा हुता."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तव्यावर काढला. भाकरी करपली ती मीच खाल्ली.

सकाळी पाळीवर जायच्या आधी मी हापशापाशी गेले. हापशापाशी का, तर आमच्या वस्तीत मोबाईलला रेंज फक्त तिथं येते. टॉवर गावाच्या त्या अंगाला. त्याबद्दलही मी कंपनीला फोन केला होता. पलीकडची पोरगी हिंदीत गोड आवाजात म्हणाली, आपके क्षेत्र में नेटवर्क उत्तम है. आणि फोन कट झाला. तर हापशाला टेकून मी चॅनलवाल्याला म्हणाले, "दादा, तो तुकडा परत पाहिजे."

"ताई, तुम्हीच तर..."

"मीच. आता मीच म्हणते, शोधा."

त्यानं शोधलं, त्याला दोष देणार नाही. पण जुन्या कॅसेटी कधीच भंगारात गेल्या होत्या. कॉम्प्युटरमधलं होतं ते माझ्याच हट्टापायी गेलं. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "जाऊ दे. तू आता लाइव्हचं बघ. एवढं भांडून आलीस तर नीट दिसलं पाहिजे आपलं." मग मीही पदर खोचला. एकाचं गेलं, पण वस्तीचं तरी चांगलं व्हावं.

समाजमंदिरात मीटिंग बसली. अध्यक्ष आप्पा. आप्पा म्हणजे दौंड स्टेशनवर नोकरी करून रिटायर झालेले गृहस्थ, बोलतात ते गाडी सुटायची घोषणा केल्यासारखं. "पैल्यांदाच आपण सगळ्या तालुक्याला दिसनार," ते म्हणाले. "लोकांना काय वाटतं, हे नुसते नाचत्यात. यंदा नाच बंद. लेझीम बंद. डीजेचं तर नावच काढू नका. यंदा शिस्त. यंदा शिक्षण. प्रत्येकाच्या हातात पुस्तक पायजे."

आणि खरं सांगते, सगळ्यात आधी हात मी वर केला. मलाही तेच हवं होतं. नाचणारी वस्ती म्हणून एवढी वर्षं दाखवली, आता शिकलेली वस्ती दाखवा. लेझमी पोत्यात भरून पातेल्यांच्या शेजारी टाकल्या. पुस्तकं गोळा केली, तर वाचनालयातली पुरेनात. मग गाईड आली, पोरांच्या वह्या आल्या. आमच्या ह्यांच्या वाट्याला दहावीची भूमिती आली. दहावीला ह्यांना दोनदा आडवी आली होती तीच.

जयंतीला चॅनलवाला आला, काठीला मोबाईल लावून.

"कॅमेरा कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"हाच."

आप्पांचा चेहरा गाडी चुकल्यासारखा झाला. त्यांनी सकाळीच दाढी करून, कोट चढवून घेतला होता, मोबाईलसाठी नाही.

लाइव्ह करायला रेंज लागते. चॅनलवाला काठी घेऊन समाजमंदिरापुढं फिरला, कमानीखाली फिरला, पुतळ्यापाशी फिरला. मग सगळ्या वस्तीनं एका सुरात सांगितलं, "हापशाला चला." झालं. आम्ही एवढी रांगोळी काढलेली, फुलांची कमान केलेली, ते सगळं मागं राहिलं आणि अख्खी जयंती हापशाकडं निघाली. तिथं ओल, शेवाळ, आणि कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी. गोधडी काढली. सगळे ओळीनं उभे राहिलो. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या शर्टांत, प्रत्येकाच्या छातीशी पुस्तक. आप्पांनी बजावलं होतं, हसायचं नाही, हललं तर मोबाईलात अंधूक येतं.

"चालू झालं," चॅनलवाला म्हणाला.

आम्ही उभे. आप्पांनी भाषण काढलं. भाषण चांगलं होतं, पण ते संपायचं काही लक्षण नव्हतं. ऊन डोक्यावर. ह्यांची भूमिती उलटी होती, मी कोपरानं ढोसलं तरी त्यांना कळेना. चॅनलवाला मोबाईलामागून खुणा करत होता, काहीतरी करा, काहीतरी करा. आम्ही आणखी ताठ झालो.

मोबाईलवर बघणाऱ्या लोकांचं लिहिलेलं खाली उमटत होतं. ह्यांनी मान लांब करून वाचलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "भावपूर्ण श्रद्धांजली."

"काय?" आप्पांचं भाषण थांबलं.

"कुणीतरी लिहिलंय. आणखी एकानं लिहिलंय. हा बघा, कुटुंबाच्या दुःखात सहभागी म्हणतोय. केडगावचा हाय वाटतं."

अति तिथं माती म्हणतात ते असं. आपली जयंती नीट दिसावी म्हणून मी शिरूरपर्यंत भांडून आले, आणि सगळ्या तालुक्याला वाटलं आमच्यात कुणीतरी मेलंय. मेलेला माणूस नाचत होता तेच बरं होतं. मला त्या हापशात तोंड खुपसावंसं वाटलं.

मागून आवाज आला, "कोण गेलं?"

आत्या. पातेल्यापाशी असायच्या त्या, हातातल्या उलथन्यासकट ढोल का वाजंना म्हणून बघायला आल्या होत्या.

"कुणी न्हाई आई," हे म्हणाले.

"मग मेल्यावानी का उभं हायसा?"

आत्यांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग उलथनं माझ्या हातात दिलं आणि माघारी गेल्या. मला वाटलं, गेल्या रागानं. तर त्या पोत्यातली लेझीम घेऊन आल्या. पदर कमरेला खोचला आणि ढोलवाल्या पोराला म्हणाल्या, "वाजीव रे."

त्यांनी आयुष्यात लेझीम धरली नव्हती. त्यांच्या वेळी बायका धरतच नव्हत्या. पण ढोलावर काठी पडली, आणि दोन पावलं पुढं, एक मागं. पुन्हा दोन पुढं, एक मागं. आणि मध्येच मानेला असा झटका की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. ही पावलं मी दरवर्षी पाहिली होती.

आप्पांनी भाषणाचा कागद खिशात कोंबला. "अरं," ते म्हणाले, "ही तर त्याची चाल." कोट काढून त्यांनी हापशाच्या दांड्यावर टाकला आणि पोत्याकडं धावले. मग काय विचारता! गाईड, वह्या, भूमिती, सगळं गोधडीच्या दोरीवर गेलं. आप्पांच्या वयाची माणसं आत्यांच्या मागं लागली, पोरी लागल्या, मी उलथनं घेऊनच लागले. चॅनलवाला ओरडत होता, "हापसा सोडू नका, रेंज जाईल!" म्हणून आम्ही हापशाभोवतीच गोल फिरत राहिलो. पोरींनी नाचता नाचताच मोबाईलपुढं येऊन आपापली भाषणं म्हटली, दम लागलेला, तरी एक शब्द गाळला नाही. रक्तदानाची माहिती आमच्या ह्यांनी दिली आणि बरी दिली. खाली त्या केडगावच्या माणसानं लिहिलं, 'माफ करा, जय भीम, काय नाचत्यात आजी!'

भात खाली लागला. बघायला कुणी नव्हतंच. सगळ्या वस्तीनं तो मुकाट खाल्ला. आत्या पंगतीला बसल्या, वाढायला बाप्ये होते.

हे झालं गेल्या वर्षीचं. यंदा चॅनलवाल्याला त्या दिवशी लग्नाची ऑर्डर आली आणि तो आला नाही. संध्याकाळी बातम्या लागल्या, आणि बघते तर हापसा, आणि हापशापुढं आत्या. खाली पट्टी, 'कवठे येमाई येथे जयंतीचा यंदाचा उत्साह.'

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तशीच अनवाणी हापशाकडं पळाले आणि फोन लावला.

"दादा, गेल्या वर्षीचा लावलाय तुम्ही!"

"चुकलं ताई. आत्ता काढतो, लगेच पुसतो."

"हात लावून तर बघा!" मी अशी ओरडले की पाणी भरणाऱ्या बाईची कळशी कलंडली. "उद्याच्या उद्या या, आन् यंदाचं यंदा दाखवा. आपल्या पोरी यंदा लई भारी बोलल्यात, त्या दिसल्या पायजेत. ह्या तुकड्यावर गेल्या वर्षीचा म्हणून लिहा. पर पुसायचा न्हाई. कधीच न्हाई. आन् त्याच्या चार कॉप्या करून मला द्या."

"चार कशाला?"

"एक तुमच्याकडं हरवायला. बाकीच्या माझ्याकडं."

घरी आले तर आत्या न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून टीव्हीपुढं बसलेल्या. तुकडा संपून कांद्याचे भाव लागले होते, तरी त्या तिकडंच बघत होत्या.

"येतोय का तो?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी येतोय. नवं करतो म्हणला. आमच्या दौंडात..."

"ऱ्हाऊ दे तुझं दौंड." मग भिंतीवरच्या फोटोकडं बघून, जरा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "खरं सांग. मानंचा झटका जमलाय का गं मला, त्यांच्यासारखा?"

"आत्या," मी म्हणाले, "टोपी असती तर उडाली असती."